मोटारीची ऊन-गार सीट आणि तिचे निदान

वसईस येऊन इतिहासावर बोलावयाचे तर चिमाजीअप्पांपासून आरंभ करावा असा प्रघात आहे, आणि तो मुळीच वाईट नाही. १७३९ च्या मे महिन्यात येथील किल्ला मराठ्यांच्या हाती आला, त्या मोहिमेची हकीकत ऐकण्याचा येथे कोणास कंटाळा येत नाही. आम्ही मात्र आज त्या मानाने अगदी क्षुल्लक वस्तू श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत. ती म्हणजे मोटारीतील सीट. जी बटण दाबले असता ऊन होते किंवा गार होते, आणि पुष्कळदा यांपैकी काहीच होत नाही. असली वस्तू इतिहासाच्या व्यासपीठावर कशाला आणावयाची, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ती बिघडली म्हणजे बिघाड कोठे शोधावा हे तिचा इतिहास ठाऊक असल्यावाचून नीट उमगत नाही. आणि ते न उमगल्यामुळे मालकांचे पैसे व कारागिरांची अब्रू ही दोन्ही विनाकारण जातात.

प्रथम नावांचा घोळ मिटविला पाहिजे. बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू जवळजवळ एकाच नावाने विकल्या जातात. एक, आत तारांची किंवा कार्बनच्या धाग्यांची चटई असलेली, विजेने ऊन होणारी सीट. दुसरी, आत पंखा असलेली आणि वरच्या कातड्यास बारीक भोके पाडलेली सीट. हिला आम्ही हवेशीर सीट म्हणू. तिसरी, जिच्यात पंख्याबरोबर थंडी उत्पन्न करणारे स्वतंत्र साधनही आहे ती खरी गार सीट. आपल्याकडे ज्या मोटारी सर्वसाधारण कुटुंबे घेतात, त्यांत बहुशः दुसऱ्या प्रकारची सीट असते, आणि मालकाची समजूत मात्र तिसऱ्या प्रकारची असते. निम्म्या तक्रारींचे मूळ आमच्या मते येथेच आहे.

हा भेद समजावून घेण्यास विरारच्या रुळांपाशी जाऊन उभे राहावे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे गाडी सुरू झाली, तेव्हा प्रवाशांच्या गारव्याचा विचार खिडकीपलीकडे गेलेला नव्हता. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने १ सप्टेंबर १९२८ पासून पेशावरकडे जाणारी फ्रंटियर मेल सोडली. तीही याच रुळांवरून वसई व विरार मागे टाकून जात असे. या गाडीस १९३४ मध्ये एक वातानुकूलित डबा जोडण्यात आला. त्याची युक्ती साधी होती. डब्याच्या तळाशी पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवीत, पंख्याने हवा त्यांवरून फिरवून डब्यात सोडीत, आणि वाटेतल्या ठरलेल्या स्थानकांवर वितळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या भरीत.

या डब्याचे तीन भाग पाडता येतात: बर्फ, पंखा आणि हवेची वाट. डबा तापला तर दोष या तिहींपैकी एकात असणार, चौथी जागा नाही. बर्फ संपला असेल, पंखा बंद पडला असेल किंवा वाट कोंडली असेल. आता हवेशीर सीटकडे पाहा. तिच्यात पंखा आहे, वाट आहे, बर्फ नाही. तो पूर्वी होता आणि संपला असे नव्हे. तो कारखान्यातच कोणी घातलेला नाही. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी नवी गाडी घेतल्यावर सीट गार होत नाही म्हणून तक्रार केली. त्यांच्याकडून एका ठिकाणी पंख्याचा सबंध संच बदलल्याचे पैसे घेण्यात आले, आणि सीट पूर्वीइतकीच गार राहिली. पंखा पहिलाही चांगला होता. ते गृहस्थ नसलेला बर्फ शोधीत होते व दुकानदार त्यांस तो विकीत होता.

मग ती सीट करते तरी काय? ती घाम वाळविते. पाठ आणि सीट यांच्यामध्ये कोंडलेली दमट हवा ओढून घ्यावयाची किंवा तेथे गाडीतील कोरडी हवा सोडावयाची, एवढेच तिचे काम. घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो व आपणांस गार वाटते. माठातले पाणी याच न्यायाने थंड होते आणि वाळ्याच्या पडद्यातून येणारी झुळूकही. यासाठी आजूबाजूची हवा कोरडी पाहिजे. मे महिन्यात नागपुरास पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पण हवा कोरडी असल्यामुळे माठ तेथे आपले काम चोख करतो. वसईस त्याच महिन्यात पारा ३३-३४ च्या आसपास असतो, आणि दोरीवरचा पंचा वाळावयास दुपार जाते. म्हणून तीच गाडी, तीच सीट, नागपुरास उत्तम वाटेल आणि वसईस बिघडलेली वाटेल. गाडीतील वातानुकूलन यंत्र चालू करून पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत. ते यंत्र आतील हवेतले पाणी काढून टाकते, आणि मग सीटच्या पंख्यास कोरडी हवा मिळते. उन्हात तापलेल्या बंद गाडीत शिरल्याबरोबर सीटचे बटण दाबणाऱ्यास तापलेली हवाच मिळणार. याला दोष म्हणता येत नाही.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हे तत्त्व फार पूर्वीच ओळखले होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाट आणि पुढे पद्मिनी गाड्यांच्या रेक्झिनच्या सीटवर दिवसभर बसणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यासच ठाऊक. त्यावर त्यांनी लाकडी मण्यांचे आसन टाकले. मण्यांमुळे पाठ रेक्झिनपासून बोटभर वर राहते आणि मधून वारा खेळतो. त्यात ना तार, ना फ्यूज. दोरा तुटला तर मणी ओवून घ्यावेत, एवढीच काय ती दुरुस्ती.

बर्फाची जागा पुढे एका निराळ्याच शोधाने घेतली, आणि तो शोध चुकीच्या निदानापासून सुरू झाला ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते. १८२१ मध्ये बर्लिनच्या थॉमस योहान सीबेकने दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांशी जोडून एक सांधा तापविला, तेव्हा जवळची होकायंत्राची सुई हलली. सीबेकने निष्कर्ष काढला की उष्णतेने धातूत चुंबकत्व येते. पृथ्वीच्या चुंबकत्वाचेही कारण त्यास यातच दिसू लागले. वस्तुतः सांध्यात वीज उत्पन्न होत होती आणि सुई त्या विजेने हलत होती. ही गोष्ट डेन्मार्कच्या ओर्स्टेडने ओळखली. लक्षण खरे होते, रोग दुसराच होता. पुढे १८३४ मध्ये पॅरिसच्या जाँ पेल्टिएने याची उलट बाजू पाहिली. हा मूळचा घड्याळजी. अशा सांध्यातून वीज सोडली असता एक सांधा तापतो व दुसरा निवतो, असे त्यास आढळले. त्याचा खरा अर्थ मात्र १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लेन्झने एका थेंबात सिद्ध केला. बिस्मथ आणि अँटिमनी यांच्या सांध्यावर त्याने पाण्याचा थेंब ठेवला. वीज एका दिशेने सोडताच थेंब गोठला. दिशा उलटविताच वितळला.

त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ हा थेंब प्रयोगशाळेतच राहिला, कारण साध्या धातूंत हा परिणाम फार दुबळा असतो. १९५४ मध्ये इंग्लंडात गोल्डस्मिड यांनी बिस्मथ टेल्युराइड या संयुगात तो उपयोगी पडेल इतका प्रबळ असल्याचे दाखविले, तेव्हा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेतील अमेरिगॉन या कंपनीने याच संयुगाच्या चकत्या सीटमध्ये बसविल्या आणि २००० च्या मॉडेलच्या लिंकन नेव्हिगेटर गाडीत त्या प्रथम आल्या. वीज एका दिशेने सोडली तर सीट गार, उलट दिशेने सोडली तर ऊन. लेन्झचा थेंबच तो.

या सीटचे निदान करणाऱ्याने एक हिशेब डोक्यात पक्का ठेवावा. चकतीची गार बाजू पाठीकडून समजा २० वॅट उष्णता ओढते आणि त्यासाठी ३० वॅट वीज खाते, तर तापलेल्या बाजूने ५० वॅट बाहेर टाकले पाहिजेत. ते टाकण्याची वाट सीटखाली असते. तेथे छत्री, पाण्याच्या बाटल्या आणि भाजीची पिशवी कोंबून ठेवली की उष्णतेस जावयास जागा राहत नाही, ती मागे फिरते व गार बाजूही तापू लागते. अशा वेळी चकती जळाली असे समजून पुष्कळ लोक ती बदलतात. आधी पंखा व वाट पाहावी, बर्फाकडे शेवटी जावे. आणि दुरुस्तीनंतर जर गारच्या बटणावर सीट ऊन होऊ लागली तर घाबरण्याचे कारण नाही; चकतीच्या दोन तारा जोडताना उलटसुलट झाल्या आहेत.

ऊन सीटचा इतिहास याहून सरळ आहे, कारण तारेतून वीज नेली की तार तापते हे ज्यूलने १८४० च्या सुमारासच मोजून ठेवले होते. जनरल मोटर्समधील रॉबर्ट बॅलार्ड यांनी १९५१ मध्ये सीट तापविण्याच्या युक्तीच्या पेटंटासाठी अर्ज केला, १९६६ च्या कॅडिलॅकमध्ये ती सोय गिऱ्हाइकांस मिळू लागली, आणि स्वीडनच्या साब कंपनीने १९७२ मध्ये चालकाची सीट ऊन करणे ही शोभेची नव्हे तर नित्याची गोष्ट ठरविली. म्हणजे या विद्येचे माहेर बर्फाळ मुलखातले. तेथील दुरुस्तीची पुस्तके बहुधा चटईपासून आरंभ करतात, आणि ते योग्यच आहे. कारण तेथे लोक जाड कपड्यांनिशी सीटवर गुडघे टेकून मागचे सामान काढतात, चटई दुमडते व तार तुटते. हवेशीर सीटही साबनेच १९९७ मध्ये आपल्या नव्या ९-५ गाडीबरोबर आणली. तीच कल्पना ऑगस्ट २०१७ मध्ये ह्युंदाईच्या नव्या व्हर्नाबरोबर आपल्याकडील मध्यम किमतीच्या गाड्यांत आली आणि नंतर अनेकांनी उचलली. वस्तू आली, आणि तिच्या मागोमाग ती पुस्तकेही आली. परंतु उत्तरेच्या थंडीत लिहिलेली निदानाची वही वसईस पहिल्या पानापासून वाचून चालत नाही.

येथील पहिले पान निराळे आहे. ते म्हणजे सीट कव्हर. नवी गाडी घेतली की तिचे कातडे खराब होऊ नये म्हणून त्यावर जाड रेक्झिनचे कव्हर चढविण्याची आपली रीत आहे. काही घरी तर दुकानातून आलेले प्लास्टिकही वर्षभर निघत नाही. भोके पाडलेल्या कातड्यावर न भोकांचे कव्हर घालणे म्हणजे रांजणास लाख फासून पाणी गार का होत नाही असे विचारणे होय. म्हणून मीटर हाती घेण्यापूर्वी पातळ कागदाचा एक तुकडा घ्यावा. कव्हर काढून पंखा सर्वांत जोरात ठेवावा आणि कागद सीटवर फिरवावा. हवा ओढणारी सीट असेल तर तो चिकटून बसेल. हवा सोडणारी असेल तर फडफडेल. काही ठिकाणी चिकटला, काही ठिकाणी नाही, तर पंखा ठीक असून वाटेत अडथळा आहे: मेणासारखे पॉलिश भोकांत बसले असेल, आतला फोम दबला असेल, किंवा पंख्याची नळी निसटली असेल. कोठेच काही झाले नाही तरच फ्यूज, कनेक्टर व पंखा यांच्याकडे वळावे. ही परीक्षा दोन मिनिटांची आणि फुकटची आहे. तिच्यावर कोणी बिल करीत नाही हाच काय तो तिचा दोष.

दुसरे पान पाण्याचे. ज्यांनी २०१८ चा जुलै येथे काढला त्यांस आम्ही काय सांगावे! नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, लोकल बंद पडल्या, मिठागरांतली माणसे अडकून पडली. उभ्या गाड्यांत पाणी शिरले ते प्रथम कोठे? तळाशी. आणि सीटचा नियंत्रक, पंख्याचे व चटईचे कनेक्टर हे सर्व कोठे असते? सीटखाली, गालिच्याला लागून. थंड देशात ती जागा सोयीची आणि कोरडी. खाडीकाठच्या तालुक्यात तीच सर्वांत धोक्याची. त्यात पुराच्या पाण्यास खाडीचे खारे पाणी मिळाले, तर विजेचा दाब असलेल्या पिना त्या पाण्यात अक्षरशः झिजू लागतात. पाणी ओसरल्यावर गाडी उन्हात वाळविली जाते, सीट चालू होते, मालक समाधान मानतो. कनेक्टरच्या आत मात्र हिरवी बुरशी वाटावी असा तांब्याचा क्षार महिनोन् महिने वाढत राहतो.

हा दोष पकडणे अवघड का, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट धरू आणि चटईचा रोध ३ ओहम. निरोगी स्थितीत ४ अँपिअर प्रवाह वाहून चटईस ४८ वॅट मिळतात. आता गंजलेल्या सांध्याने १ ओहम रोध वाढविला. एकूण ४ ओहम, प्रवाह ३ अँपिअर, चटईस पोहोचलेला दाब ९ व्होल्ट, आणि उष्णता २७ वॅट. सीट ऊन होते, पण जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक. कारागीर कनेक्टर सोडवून मीटर लावतो, तर मीटर पुरे १२ व्होल्ट दाखविते! कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, आणि प्रवाह नसेल तर गंजलेला सांधाही दाब खात नाही. मग कारागीर म्हणतो, वीज येत आहे, अर्थी चटईच गेली. आणि चांगली चटई फेकली जाते. उपाय एवढाच की कनेक्टर जोडलेला ठेवून, सीट चालू असताना, मागच्या बाजूने दाब मोजावा. प्रथम येणाऱ्या तारेवर, नंतर अर्थिंगच्या तारेवर. जेथे व्होल्ट हरवतात तेथे रोग. ज्या गाडीत ऊन व हवेशीर अशा दोन्ही सोयी आहेत तेथे हा सांधा आणखी फसवितो. पंखा थोडाच प्रवाह घेतो, त्यामुळे तो नेहमीसारखा फिरत राहतो. वसईस वर्षभर काही कळत नाही, आणि मनालीस गेल्यावर सीट ऊन होईना म्हणून आरडाओरड होते.

ऊन सीटच्या एका दोषाबद्दल मात्र आम्हांस अधिक गंभीरपणे बोलावयाचे आहे. सीटमध्ये थर्मिस्टर नावाचा एक मणी असतो. तो तापला की त्याचा रोध कमी होतो, आणि त्यावरून नियंत्रक वीज तोडतो. हा मणी जागेवरून सरकला, किंवा चटईचा एखादा भाग दुमडून एकाच ठिकाणी उष्णता साठू लागली, तर धडधाकट मनुष्य चटका बसताच उठेल. परंतु ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही, किंवा मधुमेहाने ज्याच्या नसा बधिर झाल्या आहेत, त्यास कातडी भाजल्याचे कळत नाही. अशी माणसे भाजल्याची उदाहरणे अमेरिकेत पुढे आली, आणि २०११ मध्ये तेथील डॉक्टरांनी व ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्यांनी सरकारी वाहतूक-सुरक्षा खात्याकडे नियम करण्याची मागणी केली. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे. म्हणून दुरुस्तीनंतर सीट चालू करून केवळ हाताने चाचपू नये. सबंध पृष्ठभागावर उष्णतामापक फिरवावा आणि एखादा डाग इतरांपेक्षा फार तापतो का ते पाहावे. तसा डाग सापडला तर ती चटई वापरू नये, तिला चिकटपट्टी लावून देऊ नये.

गॅरेजवाल्यांच्या बाजूनेही दोन शब्द बोलणे न्यायाचे होईल. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक मोटारीस दोष वाचण्याचा एक ठराविक जोड द्यावा लागला, तो मुळात धुराच्या नियमांसाठी. आता सीटचेही दोष त्याच जोडातून वाचता येतात, परंतु प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा आपापली. स्वस्तातले स्कॅनर इंजिनाचे बोलणे समजतात, सीटचे समजत नाहीत. वालीव-सातिवलीकडच्या किंवा महामार्गालगतच्या गॅरेजातील मनुष्याने महागडे यंत्र घ्यावे तर दिवसाला सीटच्या तक्रारी येणार किती? आणि यंत्र घेतले तरी ते ‘मार्ग खंडित’ एवढेच सांगते. तार सीटमध्ये तुटली, कनेक्टरमध्ये गंजली की फ्यूजपाशीच सुटली, हे त्यास ठाऊक नसते. संकेत वाचून सबंध भाग बदलणे यास आम्ही निदान म्हणणार नाही. कागदाचा तुकडा, पाच-सातशे रुपयांचे मीटर आणि वरचा हिशेब एवढ्यावर यातले बहुतेक दोष सापडतात. एका ठिकाणी मात्र धाडस नको. सीटच्या बाजूस हवेच्या पिशवीची तार येते, तिचा कनेक्टर बहुधा पिवळा असतो. सीट सोडविण्यापूर्वी बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबावे, आणि त्या पिवळ्या कनेक्टरला मीटर किंवा दिवा कधीही लावू नये. पिशवी फुटली तर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर फुटते.

जुनी गाडी घेणाऱ्यांसही या सीटखालचा इतिहास वाचता येतो. पुरात सापडलेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या जातात, आतल्या अत्तराचा वास अगदी नवा असतो. सीट शेवटपर्यंत पुढे सारावी आणि विजेरी घेऊन मागच्या बाजूने खाली पाहावे. सीटच्या रुळांचे बोल्ट तांबडे गंजले आहेत काय, गालिच्याखाली हात घातला तर बारीक गाळ लागतो काय, पंख्याच्या जाळीवर वाळलेल्या चिखलाची आडवी रेघ आहे काय, हे बघावे. ती रेघ जमिनीपासून किती बोटे वर आहे ते मोजले की पाणी कोठवर चढले होते ते कळते, आणि नियंत्रक त्या रेघेच्या खाली असेल तर सीट आज चालत असली तरी तिची किंमत धरू नये.